मेदोवृद्धि आणि कृत्रिम सांधा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अतिस्थूल मनुष्याचे आठ दोष सांगितले आहेत. ज्या घरांत वडील माणसाचा गुडघा किंवा खुबा बदलण्याचें ठरत असेल, त्या घरानें त्यांत नवव्याची भर घालावी. तो म्हणजे शस्त्रक्रियेनंतर सांध्यांत जंतु शिरण्याचा वाढता धोका.

१९६२ सालीं इंग्लंडांतील राइटिंग्टन रुग्णालयांत जॉन चार्नले यांनीं धातु व पॉलिएथिलीन यांचा खुबा बसविण्यास आरंभ केला. त्यांनाही जंतूंशीं झगडावें लागलें. म्हणून त्यांनीं शस्त्रक्रियागृहांत हवा गाळून घेण्याची व्यवस्था केली. आज हा उपद्रव शंभरांत एकदोघांनाच होतो. पण ज्यास होतो, त्याचे हाल फार. धातूंत रक्त खेळत नाहीं. त्यावर जंतु चिकट पापुद्रा धरून बसतात व औषधास दाद देत नाहींत. मग पुष्कळदां सांधा काढून, कित्येक आठवडे औषधें देऊन, पुन्हां नवा बसवावा लागतो.

स्थूल देहांत हें भय कां वाढतें? चरबीच्या थरांत रक्तपुरवठा विरळ असतो, त्यामुळें प्राणवायु व औषध जखमेपर्यंत कमी पोंचतें. जखम खोल असते, शस्त्रक्रियेस वेळ अधिक लागतो आणि टांके भरेपर्यंत पाणी झिरपत राहतें. त्यांत मधुमेहाची जोड असली म्हणजे संकट दुणावतें. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागून येणारा अंक ४० च्या वर गेला, तर अनेक शल्यवैद्य आधीं वजन उतरविण्याचा सल्ला देतात. १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीस ही मर्यादा सुमारें ९६ किलोग्रॅमला येते. मात्र हा अंक म्हणजे अलंघ्य भिंत नव्हे. वेदना व अपंगत्व तोलून निर्णय शल्यवैद्यानेंच करावयाचा असतो.

येथें दोन चुका टाळाव्या. एक, शस्त्रक्रियेच्या तोंडावर उपासमार करणें. प्रथिनें कमी पडलीं कीं जखम भरत नाहीं; म्हणून वजन कित्येक महिने आधींपासून, वैद्यांच्या सल्ल्यानें, हळूहळू उतरवावें. दुसरी, आजीला बोल लावणें. गुडघा दुखतो म्हणून चालणें थांबतें आणि चालणें थांबलें कीं वजन वाढतें. या चक्रांतून एकटीनें सुटणें कठीण. एकत्र कुटुंबांत रांधणारी एक, वाढणारी दुसरी आणि आग्रह करणारे दहा! एकादशीची तुपांत भिजलेली साबुदाण्याची खिचडी उपवास म्हणून पोटांत जाते, पण वजनाच्या कांट्याला उपवास कळत नाहीं. म्हणून पथ्य साऱ्या पंक्तीनेंच पाळावें.

शस्त्रक्रियेपूर्वीं रक्तांतील साखर आटोक्यांत आणावी, किडलेले दांत व त्वचेवरील फोड बरे करून घ्यावे, तंबाखू सोडावी. नंतर जखम झिरपूं लागली, लाल झाली, ताप आला किंवा वेदना वाढली, तर घरगुती लेप लावूं नये. दुकानांतून आणलेलें जंतुनाशक औषधही मनानें देऊं नये, कारण त्यामुळें तपासणींत जंतु सांपडणें अवघड होतें. त्याच दिवशीं शल्यवैद्यास दाखवावें. नवा सांधा बसविणें शल्यवैद्याचें काम. तो सुरक्षित राखणें हें मात्र बऱ्याच अंशीं स्वयंपाकघराचें आणि माजघराचें काम आहे.