आडनावातले गाव

“आडनाव काय म्हणालात?” एसटीत शेजारी बसलेल्या माणसाने असे विचारले, की त्याला नुसते आडनाव नको असते. गाव कोणते, घराणे कोणते, जात कोणती, हे सारे त्याला त्या एका शब्दातून काढून घ्यायचे असते. पण आडनाव खरोखर एवढे सांगते का? आपण जरा तपासून पाहू.

लिओनार्दो दा विंची हे नाव तुम्ही ऐकले असेल. ‘दा विंची’ म्हणजे विंचीचा. विंची हे इटलीतल्या फ्लॉरेन्सजवळचे लहानसे गाव. आपल्याकडे असता, तर हा थोर चित्रकार ‘विंचीकर’ झाला असता! आता गंमत पाहा. विंचीत सगळेच विंचीचे. तिथे कोण कोणाला विंचीकर म्हणणार? माणूस गाव सोडतो, तेव्हाच गाव त्याच्या नावाला चिकटते. आपले संगमनेरकर, पारनेरकर, जामखेडकर हे असेच. कोणी पूर्वज पोटासाठी बाहेर पडला, नव्या ठिकाणी लोकांनी त्याला गावावरून हाक मारली, आणि पुढे तीच हाक दप्तरात चढली. ती हाक मारताना कोणी जात विचारली नव्हती. म्हणूनच एकच ‘कर’ अनेक जातींत सापडतो.

जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची लेक अहिल्या सासरी होळकर झाली. होळ हे नीरा नदीकाठचे गाव. राज्य माळव्यात, पण नाव होळचे! 2024 साली त्यांच्याच नावाने आपला जिल्हा अहिल्यानगर झाला. अहमद निजामशहाने वसवलेल्या शहराचे नाव बदलले, पण त्यातले ‘नगर’ राहिले. तेव्हा नगरकरांनी काळजी करू नये!

काही आडनावे कामावरून पडली. मोटारीमुळे जगभर गाजलेले ‘फेरारी’ हे मुळात लोहाराचे नाव. आपल्याकडे गावचा हिशेब ठेवणारा तो कुलकर्णी. 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेले, आडनाव मात्र राहिले. आजचा कुलकर्णी डॉक्टर असेल, नाहीतर ट्रक चालवीत असेल.

आणखी एक इटालियन आडनाव ऐका: ‘एस्पोझितो’. त्याचा मूळ अर्थ उघड्यावर ठेवलेला. नेपल्समध्ये टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांना हे नाव देत. आई-बापाने सोडले, त्यात त्या बाळाचा काय दोष? पण ती खूण नातवंडा-पतवंडांपर्यंत चालत आली. आज हे आडनाव तिकडे अगदी सर्रास आढळते, आणि कोणी त्यावरून कोणाला हिणवीत नाही.

तात्पर्य एवढेच, की आडनाव ही एखाद्या पूर्वजाची हकीकत आहे, तुमची-आमची किंमत नव्हे. शिवाय ती हकीकतही अर्धीच, कारण तीत आई कुठे असते? 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला. उशिरा का होईना, आईचे नाव दप्तरात आले.

आता एसटीत कोणी आडनाव विचारले, तर सांगा खुशाल. मात्र त्यामागची गोष्टही सांगा. प्रवास बरा होईल.