मीटरवर फुल्ल, पण बॅटरी खरंच फुल्ल? ई-स्कूटरच्या चार्जिंगचं गणित समजून घ्या

वडखळ : रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटर सकाळी 100 टक्के दाखवते. अलिबागच्या रस्त्याला लागून कार्लेखिंडीचा चढ सुरू झाला की आकडा झपकन खाली येतो. सपाटीला आल्यावर पुन्हा थोडा वर जातो. बॅटरी गेली की काय, अशी शंका येते. मग कुणीतरी सांगतं, "माझा चार्जर लावून बघ, तोही 60 व्होल्टचाच आहे." खरा धोका इथेच आहे. 60 व्होल्टचे सगळे चार्जर सारखे नसतात.

60 व्होल्टची बॅटरी फुल्ल झाल्यावर किती व्होल्ट?

गाडीवर लिहिलेला 60 हा सरासरी आकडा असतो. बॅटरीच्या डब्यात छोटे सेल एकामागोमाग जोडलेले असतात. नेहमीच्या लिथियम आयन प्रकारात एक सेल साधारण 3.6 व्होल्टचा धरतात. तो पूर्ण भरला की 4.2 व्होल्ट होतो आणि 3 व्होल्टच्या आसपास आला की रिकामा समजायचा. असे 16 सेल असतील तर 16 गुणिले 4.2, म्हणजे 67.2 व्होल्ट. ही झाली बॅटरी फुल्ल.

फुल्ल झाल्यावरचे नेहमीचे आकडे असे :

- 48 व्होल्ट, 13 सेल : 54.6
- 60 व्होल्ट, 16 सेल : 67.2
- 60 व्होल्ट, 17 सेल : 71.4
- 72 व्होल्ट, 20 सेल : 84
- 60 व्होल्ट, एलएफपी प्रकारचे 20 सेल : 73
- 60 व्होल्ट, 12 व्होल्टच्या पाच लेड-ॲसिड बॅटऱ्या : चार्ज होताना 72 ते 73, काढून ठेवल्यावर 64 च्या आसपास

आता बघा, 60 व्होल्टच्या नावाखाली चार वेगवेगळे आकडे आले. 73 व्होल्टचा चार्जर 67.2 वाल्या बॅटरीला लावला तर एकेका सेलवर 4.5 व्होल्टहून जास्त दाब येतो. बॅटरीतलं बीएमएस नावाचं सर्किट अशा वेळी चार्जिंग तोडतं, पण ते बिघडलेलं असेल तर सेल तापतो, फुगतो आणि पेट घेऊ शकतो.

म्हणून चार्जर घेताना त्यावरचा 'आउटपुट' आकडा बघा. तो बॅटरीच्या फुल्ल व्होल्टेजशी जुळला पाहिजे आणि बॅटरीचा प्रकारही तोच हवा. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो, असं नाही.

शेवटचे 10 टक्के एवढा वेळ का खातात?

हंडा भरत आला की आपण नळ बारीक करतो, तसंच चार्जर करतो. सुरुवातीला जोरात करंट देतो. व्होल्टेज फुल्लच्या आकड्याला टेकलं की तेवढंच धरून करंट कमी कमी करत नेतो. अगदी थोडा करंट उरला की हिरवा दिवा लागतो. बहुतेक बॅटऱ्यांत याच वेळी मागे राहिलेले सेल बाकीच्यांच्या बरोबरीला आणले जातात. म्हणून अधूनमधून चार्जिंग पूर्ण होऊ द्यावं.

चार्जर काढल्यावर 67.2 चे 66.8 दिसले तर घाबरू नका, तेवढं उतरतंच. पण गाडी न चालवता सकाळपर्यंत दोन-तीन व्होल्ट गेले, तर एखादा सेल कमजोर झालेला असू शकतो. गाडी मेकॅनिकला दाखवा. बॅटरी स्वतः उघडू नका.

चढावर आकडा का पडतो?

गावातले सगळे नळ एकदम सोडले की पाण्याचा जोर कमी होतो. चढावर मोटार जास्त करंट ओढते, तेव्हा व्होल्टेज तसंच बसतं. भार कमी झाला की परत वर येतं. मात्र त्याच चढावर दर महिन्याला जास्त पडत असेल, तर बॅटरी म्हातारी होत चालली आहे.

परदेशात एकाच चाकाची इलेक्ट्रिक गाडी चालवतात. तिचा पुढचा-मागचा तोल मोटारच सांभाळते. व्होल्टेज फार पडलं तर चालवणारा थेट तोंडावर आपटतो. म्हणून ते लोक टक्क्यांपेक्षा व्होल्टवर जास्त लक्ष ठेवतात. आपली स्कूटर अशी पाडणार नाही, पण सवय घेण्यासारखी आहे. तुमच्या मीटरवर व्होल्ट दिसत असतील तर फुल्ल झाल्यावरचा आकडा एकदा लिहून ठेवा.

वसईची घटना विसरू नका

सप्टेंबर 2022 मध्ये वसईत स्कूटरची बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. आजीजवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि नंतर त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी डिसेंबरपासून देशात बॅटरीसाठी एआयएस 156 या मानकाचे कडक नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले. नवी गाडी घेताना तिची बॅटरी या मानकात बसते का, हे विचारा.

घरी एवढं पाळा

- झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या दारात बॅटरी चार्ज करू नका. पाऊस लागणार नाही अशी मोकळी पडवी बरी.
- लांबून आल्यावर बॅटरी आधी थंड होऊ द्या, मग चार्जर लावा.
- पावसाळ्यात प्लग आणि चार्जिंगची पिन कोरडी आहे ना, ते बघा.
- अर्थिंग असलेला बोर्ड वापरा. ढिला प्लग आणि साधी एक्स्टेन्शन वायर नको.
- गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर लिथियम बॅटरी अर्धी भरून ठेवा. लेड-ॲसिड मात्र पूर्ण भरूनच ठेवा.
- बॅटरी फुगली, पाण्यात बुडाली किंवा जोरात आपटली तर चार्ज करू नका.
- धूर किंवा फुसफुस आवाज आला तर जवळ जाऊ नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि 101 किंवा 112 ला फोन करा.

खर्चाचं म्हणाल तर 60 व्होल्ट, 30 अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण भरायला साधारण दोन युनिट वीज लागते. चार्जिंग स्वस्तच आहे, महाग आहे ती बॅटरी. आज घरी गेल्यावर चार्जर उलटा करून त्यावरचा आउटपुट आकडा तेवढा वाचा.