सुटलेले स्टिअरिंग पुन्हा धरताना

सोलापूर-धुळे (क्रमांक ५२) आणि पुणे-हैदराबाद (क्रमांक ६५) हे दोन राष्ट्रीय महामार्ग धाराशिव जिल्ह्यातून जातात. पहिल्यावर तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा. दुसऱ्यावर नळदुर्ग आणि उमरगा. या दोन रस्त्यांच्या आधाराने आपल्या समाजातील कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. कोणी मालक झाला, कोणी ड्रायव्हर, कोणी पाटे बसविणारा मिस्त्री, कोणी टायरवाला, कोणी ताडपत्री शिवणारा. यातल्या अनेकांनी ऐन उमेदीत दहा-बारा वर्षे ट्रक चालविला आणि नंतर स्टिअरिंग सोडले. कोणाची पाठ धरली, कोणी आखातात गेला, कोणी किराणा किंवा वेल्डिंगचे दुकान टाकले. आता दुकान चालते, पण खर्चाला पुरत नाही. मग मनात येते की वर्षातले चार महिने किंवा आठवड्यातले दोन दिवस बदलीवर जावे. गाडी तर येतेच आहे.

विचार वाईट नाही. ऊस, सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात गाडीमालक बदली ड्रायव्हर शोधतच असतात. परंतु मध्ये दहा-पंधरा वर्षांचा खंड पडला असेल, तर जाण्यापूर्वी काही गोष्टी नीट पाहून घेतल्या पाहिजेत. आमच्या अनुभवाने हात आणि पाय आठवडाभरात जुने काम आठवतात. कागद मात्र आपोआप जागेवर येत नाहीत, आणि खरा धोका तेथेच आहे.

सर्वप्रथम लायसन्स. आजच्या कार्डावर मुदतीच्या दोन तारखा असतात: एक खासगी गाडीची, दुसरी मालवाहू गाडीची. खासगी गाडीची तारीख पुष्कळ पुढची असते, आणि ती पाहून माणूस समजतो की आपले लायसन्स चालू आहे. प्रत्यक्षात मालवाहू गाडीची मुदत केव्हाच संपलेली असते. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने ती पाच वर्षांची झाली. त्याच दुरुस्तीने दोन सवलती मात्र गेल्या. पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन्स चालू धरले जाई. आता तसे नाही. तसेच मुदत संपून पाच वर्षे होईपर्यंत परीक्षा न देता नूतनीकरण होत असे; आता ही सवलत एका वर्षाची आहे. एक वर्ष उलटले की अधिकाऱ्यासमोर गाडी चालवून दाखवावी लागते, त्यात पास झाल्याशिवाय नूतनीकरण होत नाही. दहा वर्षांनी परतणाऱ्याने म्हणून परीक्षेची तयारी ठेवूनच जावे. ज्या प्रकारची गाडी चालवायची, त्याच प्रकारची गाडी परीक्षेला न्यावी लागते, म्हणून ती कोणाची मिळेल हे आधी ठरवावे.

ज्यांच्याकडे अजून हाताने लिहिलेले, वहीसारखे जुने लायसन्स आहे त्यांचे काम थोडे अधिक आहे. त्याची नोंद संगणकावर नसेल तर पुढचे काहीच हलत नाही. ज्या परिवहन कार्यालयाने ते दिले, तेथे मूळ वही घेऊन जाऊन नोंद करवून घ्यावी. सोलापूर किंवा लातूरहून काढलेले असेल तर त्यासाठी तिकडची फेरी धरून चालावे. लायसन्सवर उस्मानाबाद असे नाव आहे म्हणून कोणी घाबरू नये. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले, जुने कागद त्यामुळे रद्द झाले नाहीत. गाड्यांचा क्रमांकही एमएच २५ हाच आहे. एक गोष्ट मात्र सोपी झाली आहे. मालवाहू लायसन्ससाठी आठवी पासची जी अट होती ती केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली. शाळेचा दाखला नाही म्हणून मागे राहिलेल्यांनी हे लक्षात घ्यावे.

नूतनीकरणासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. ते शंभर-दोनशे रुपये देऊन सही घेण्याचे काम समजू नये. त्या नमुन्यात एक साधी कसोटी आहे: चांगल्या उजेडात २५ मीटर अंतरावरून मोटारीची नंबर प्लेट वाचता आली पाहिजे, चष्मा असेल तर चष्म्यासह. ही कसोटी घरासमोरच्या रस्त्यावर स्वतःच करून पाहता येते. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्यांनी साखर आणि रक्तदाबही तपासून घ्यावा. रात्री समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांत घुसल्यावर काही क्षण काहीच दिसत नसेल, तर रात्रीच्या खेपा घेऊच नयेत, मग मालक कितीही भत्ता देवो.

आता या कागदांशी जे जोडलेले आहे ते सांगतो, आणि हे आमच्या व्यापारी बंधूंनी अधिक लक्षपूर्वक वाचावे. आपल्यापैकी अनेकांच्या दारात स्वतःचा पिकअप, छोटा हत्ती किंवा आयशर आहे. ड्रायव्हर गावी गेला की ओळखीच्या माणसाला बोलावून किल्ली दिली जाते. ‘तो जुना ट्रकवाला आहे’ एवढीच चौकशी होते. समजा त्या दिवशी अपघात झाला आणि त्या माणसाचे मालवाहू लायसन्स संपलेले निघाले. मग विमा कंपनी हात झटकू पाहते. सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग खटल्यात २००४ साली या प्रश्नाचा विस्ताराने निकाल दिला. त्याचा सारांश असा की, मालकाने हलगर्जी केली हे कंपनीला सिद्ध करावे लागते. पण ते सिद्ध झाले तर कंपनी जखमीला किंवा मृताच्या वारसांना दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. मृत्यूच्या दाव्यात ही रक्कम लाखांत जाते. दुकान, प्लॉट, गाडी सारे त्यात जाऊ शकते. याउलट मालकाने लायसन्स पाहिले होते, त्याची प्रत ठेवली होती, गाडी नीट चालवता येते याची खात्री केली होती, तर त्याची बाजू भक्कम राहते. लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख घालून परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत तपासणी होते. दंडही दोघांना आहे: लायसन्स नसताना चालविणाऱ्याला पाच हजार, चालवू देणाऱ्या मालकाला पाच हजार. ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे आपल्याकडे संकोचाचे मानले जाते. आमच्या मते हा संकोच फार महाग पडतो.

अर्धवेळ काम करू पाहणाऱ्यांसाठी येथे एक वाट मोकळी आहे. साधे मोटारीचे, म्हणजे हलक्या वाहनाचे, लायसन्स चालू असेल तर एकूण ७,५०० किलोपर्यंत वजनाची मालवाहू गाडी त्यावर चालविता येते. वेगळी नोंद लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हे स्पष्ट केले. पिकअप आणि छोटा हत्ती यात सहज बसतात. इतर गाड्यांचे एकूण वजन नोंदणी पुस्तकात पाहून घ्यावे. मोठ्या ट्रकची परीक्षा होईपर्यंत मधल्या काळात ही कामे करता येतात. गॅस, पेट्रोल, रसायने यांसारख्या धोक्याच्या मालाला मात्र वेगळे प्रशिक्षण व नोंद लागते.

आखातातून परतलेल्यांना एक शब्द. तिकडे वर्षानुवर्षे ट्रेलर चालविला असला तरी तिकडचे लायसन्स दाखवून येथे पगारी मालवाहू गाडी चालविता येत नाही. शिवाय तिकडे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने असते. वळणावर आणि ओव्हरटेक करताना हात जुन्या सवयीने जातो, म्हणून सुरुवातीचे काही दिवस शेजारी जाणता माणूस हवाच.

गाडीही बदलली आहे. स्टिअरिंग हलके झाले, केबिन सुधारली. आता नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन असणे सक्तीचे आहे. बदलीवाल्याच्या वाट्याला अर्थात जुनीच गाडी येते, हेही खरे. एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत बहुधा निळ्या झाकणाची एक छोटी टाकी दिसेल. तीत डीईएफ नावाचे द्रव भरतात. ड्रायव्हर मंडळी त्याला युरियाच म्हणतात. धूर स्वच्छ करण्यासाठी ते लागते. ते संपले की इंजिनचा जोर कमी होतो आणि चढावर भरलेली गाडी रडते. हे द्रव चुकून डिझेलच्या टाकीत गेले तर मोठा खर्च ओढवतो. शेतातल्या खताचा युरिया पाण्यात विरघळवून ओतण्याची हुशारीही कोणी करू नये.

जुन्या ड्रायव्हरांची एक सवय आता सोडलीच पाहिजे. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचविणे, ही ती सवय. आजच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना पायाने रेस सोडली की डिझेलचा पुरवठा जवळपास बंदच होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळते. म्हणजे बचत नाहीच, आणि इंजिनाची पकड सुटल्याने सारा भार ब्रेकवर येतो. तुळजापूरच्या किंवा येरमाळ्याच्या घाटात ब्रेक तापून निकामी झाला तर काय होते हे या रस्त्यावरच्या माणसांना सांगायला नको. ज्या गिअरमध्ये चढ चढावा त्याच गिअरमध्ये उतरावे हा वडीलधाऱ्यांचा नियम आजही खरा आहे.

मालाच्या कागदांचीही रीत बदलली. जकात नाके गेले, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. २०१८ पासून ई-वे बिल सुरू झाले: राज्याबाहेर जाणारा माल ५० हजारांवर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावर असेल तर ते लागते. काही मालाला सूट आहे. उमरग्याहून कर्नाटकची हद्द जवळच असल्याने हा फरक आपल्याकडे रोजचा आहे. बिलावर गाडीचा क्रमांक बरोबर आहे का आणि मुदत किती आहे, हे निघण्यापूर्वी ड्रायव्हरनेच पाहावे. साधारण २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे. वाटेत गाडी बिघडली आणि मुदत संपत आली तर लगेच ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करावा, कारण वाढवून घेण्याची संधी मुदतीच्या आधीचे आठ तास व नंतरचे आठ तास एवढीच असते. तामलवाडीसारख्या टोलनाक्यावर आता फास्टॅग लागतो. त्यात पैसे नसतील आणि रोखीने भरले तर दुप्पट जातात. हा भुर्दंड कोणाचा, हे मालकाशी आधीच बोलून ठेवावे.

ओव्हरलोडचे गणितही पूर्वीचे राहिले नाही. २०१८ साली वजनाची मर्यादा वाढली. दहाचाकी गाडीचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झाले. पण दंडही वाढला. कायद्यात तो २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा आहे. ‘सगळेच भरतात’ म्हणणारा मालक चौकीवर फोन उचलीलच असे नाही.

शेळ्यांची वाहतूक करणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. उस्मानाबादी शेळीचा व्यापार आपल्या लोकांत मोठा आहे. नियमानुसार जनावरांच्या गाडीत कप्पे असावे लागतात, शेळी-मेंढीला प्रत्येकी ०.३ चौरस मीटर जागा लागते आणि त्या गाडीत दुसरा माल भरता येत नाही. गायीप्रमाणेच बैल व वळू यांच्या कत्तलीवर आणि त्यासाठीच्या वाहतुकीवर महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बंदी आहे. जो खंडापूर्वी ही कामे करीत होता त्याने जुन्या समजुतीवर विसंबू नये. रात्री अचानक आलेल्या फोनवर, ताडपत्रीखाली काय आहे हे न पाहता कोणतीही गाडी घेऊ नये. गाडी अडली तर मालक घरी असतो, ड्रायव्हर कोठडीत.

मोबदल्याचे बोलणे बदलीवाला नेहमी शेवटी करतो, ते आधी व्हावे. खेपेवर घ्यावे की रोजावर? धोकी, रांजणी किंवा मुरूमच्या कारखान्यावर ऊस नेताना चालविण्याचे काम दोन तासांचे आणि नंबर लागण्याची वाट मात्र रात्रभराची, असे होते. खेपेवर ठरविलेला माणूस तेथे बसून बुडतो. म्हणून उसाला रोज आणि लातूर-सोलापूरच्या सरळ भाड्याला खेप, असा आमचा सल्ला आहे. वाराई, हमाली, पंक्चर, जेवण यांचे पैसे कोण देणार हेही त्याच वेळी बोलावे आणि एका कागदावर, नाहीतर मोबाइलच्या संदेशात, लिहून घ्यावे. ऊस वाहतुकीच्या करारात मालकाने कारखान्याकडून व मुकादमाशी घेतलेली-दिलेली उचल असते. त्या कागदावर जामीनदार म्हणून बदली ड्रायव्हरने कदापि सही करू नये. टोळी पळाली तर वसुली दुकानापर्यंत येते.

सुरुवात कोठून करावी? दिवसाची, ओळखीच्या रस्त्याची, कमी भरलेली खेप बरी. धाराशिव-लातूर किंवा उमरगा-सोलापूर. पुण्याची रात्र नंतर. नवरात्रात आणि कोजागिरीच्या सुमारास तुळजापूरच्या रस्त्यावर पायी जाणाऱ्यांची अफाट गर्दी असते आणि जड वाहने दुसरीकडे वळवितात. ते दिवस हात बसविण्याचे नव्हेत.

अपघात झालाच तर जखमीला दवाखान्यात पोहोचविणे आणि पोलिसांना कळविणे ही कायद्याने ड्रायव्हरची जबाबदारी आहे; जमावाच्या भीतीने तेथून निघावे लागले तरी जवळच्या ठाण्यात लगेच जावे. नव्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू ओढविल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांची तरतूद होती. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी देशभर चाक थांबविले, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवले गेले.

गाडीच्या विम्यात पगारी ड्रायव्हरचा हप्ता भरला आहे का, हे मालकाला विचारावे आणि पॉलिसी स्वतः पाहावी. बदलीवाल्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. म्हणून तो गाडीवर होता हे दाखविणारा कागद किंवा संदेश घरच्यांकडेही पाठवून ठेवावा. त्याशिवाय बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून दोन लाखांचे अपघात संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयापर्यंत खुली आहे. तिचे वर्ष १ जून ते ३१ मे असते. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, तेव्हा मे महिन्यात खात्यात २० रुपये शिल्लक होते का आणि ते कापले गेले का, हे पासबुकात पाहून मगच किल्ली हातात घ्यावी.