पडदा शाबूत, तरी कानाला इजा

सुतळी बॉम्ब जवळ फुटला की कानात शिट्टी वाजत राहते, ऐकू कमी येतं. रक्त आलं नाही, म्हणजे पडदा फाटला नाही, म्हणजे काही झालं नाही, असं घरोघरी मानलं जातं. खरं तर फाटलेला पडदा पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. न भरणारी इजा त्याच्याही आत होते.

तिला ध्वनी-आघात (मोठ्या आवाजाने आंतरकर्णाला होणारी दुखापत) म्हणतात. आंतरकर्णातल्या कर्णशंखात (शंखासारख्या वळणाच्या नळीत) सुमारे १५,००० केशपेशी असतात. त्यांच्यावरचे सूक्ष्म तंतू ध्वनिलहरींनी हलले की मेंदूकडे संदेश जातो. वाऱ्याने लवलेलं भाताचं पीक पुन्हा उभं राहतं, मोडलेलं राहत नाही. या तंतूंचंही तसंच. आणि माणसाच्या कानात मेलेल्या केशपेशी पुन्हा तयार होत नाहीत. मोठ्या आवाजात मध्यकर्णातला एक इवलासा स्नायू आखडून थोडं संरक्षण देतो, पण फटाक्याचा बार त्याला तेवढी सवडच देत नाही.

आपल्याकडे फटाक्याच्या आवाजाची १२५ डेसिबलची मर्यादा चार मीटर अंतरावर मोजली जाते. वात पेटवायला वाकलेल्या मुलाचा कान मात्र जेमतेम हातभर लांब असतो.

कान सुन्न झाल्यास तेल किंवा थेंब घालू नयेत. दुसऱ्या दिवशीही ऐकू कमी येत असेल किंवा शिट्टी थांबली नसेल, तर लगेच कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जावं. औषधांचा उपयोग झालाच, तर तो सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो.