चढावरची गाडी आणि तिचा दुसरा गिअरबॉक्स

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत पावसाळा सुरू झाला की रस्त्यांचे दोन प्रकार पडतात. एक डांबरी, ज्यावरून मुंबई-पुण्याची माणसे येतात. दुसरा डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांकडे जाणारा, मातीचा, ओढ्यातून उतरणारा आणि पुन्हा चढणारा. या दुसऱ्या रस्त्यावर बाळंतीण, ताप आलेले मूल किंवा रेशनचे पोते न्यायचे असेल तर साधी गाडी अर्ध्यात फिरते. तिथे जुनी जीप किंवा जिप्सी लागते. म्हणून इथल्या अनेक घरांत लिलावातली किंवा दुसऱ्या हातची फोर बाय फोर गाडी दिसते. तिच्या पोटात बसलेला, फारसा कुणी न पाहिलेला भाग म्हणजे ट्रान्सफर केस. तो बदलावा का, बदलला तर कसा बसवावा, हा प्रश्न हल्ली गॅरेजमध्ये तरुण मुले वरचेवर विचारतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही त्याचे उत्तर ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

आधी हा डबा करतो काय ते पाहू. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून बाहेर येते. साध्या गाडीत ती दोनच चाकांकडे जाते. फोर बाय फोर गाडीत ती आधी ट्रान्सफर केसमध्ये येते आणि तिथून दोन शाफ्टनी पुढच्या व मागच्या चाकांकडे वाटली जाते. शिवाय या डब्यात 'हाय' आणि 'लो' अशा दोन चाली असतात. लोमध्ये गाडी हळू चालते, पण चाकांना जोर जास्त मिळतो. उतारावर तर त्याचा मोठा आधार. इंजिनच गाडी रोखून धरते, ब्रेकवर पाय दाबून बसावे लागत नाही.

या डब्याचा आपल्याकडचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १९४५ साली के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मुहम्मद या तिघांनी मिळून 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. व्यवसाय पोलादाचा होता. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. याच कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली आणि ती जीप आपल्या डोंगरांत पोचली. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या ट्रान्सफर केसचे लो गुणोत्तर १.९७ होते. युद्धानंतर शेतकऱ्यांसाठी काढलेल्या जीपमध्ये ते सुमारे अडीचवर नेले गेले. नांगर ओढायचा तर वेग नव्हे, जोर हवा. म्हणजे ज्याला आज आपण 'अपग्रेड' म्हणतो, ते कारखान्यानेच फार पूर्वी करून ठेवले होते.

आता जिप्सीचे उदाहरण घेऊ, कारण दुसऱ्या हातच्या बाजारात ती भरपूर दिसते. मारुतीने ती १९८५ मध्ये आणली आणि १९९६ मध्ये १.३ लिटरची जिप्सी किंग आली. तिचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. तो वेगळा, रबरी माउंटवर टांगलेला असतो आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. म्हणून तो काढणे-बसवणे इतर गाड्यांपेक्षा सोपे जाते. १.३ लिटरच्या या जातीत हाय १.४०९ आणि लो २.२६८ असते. सोप्या भाषेत, हायमध्ये ज्या इंजिन-फेऱ्यांवर गाडी ताशी २० किलोमीटर जाते, त्याच फेऱ्यांवर लोमध्ये ती सुमारे साडेबारा जाते आणि जोर १.६ पट होतो.

तरुणांना यापेक्षा जास्त हवे असते. एक वाट म्हणजे सुझुकीच्या १ लिटरवाल्या एसजे ४१० जातीचे गिअर. त्यांचे हाय सुमारे १.५८ आणि लो सुमारे २.५१. लोमध्ये जोर दहा-अकरा टक्के वाढतो. पण हायमध्येही इंजिनाला त्याच वेगासाठी बारा टक्के जास्त फिरावे लागते. खोपोलीहून पनवेलला हायवेने जाताना तो आवाज आणि ते पेट्रोल रोज जाणवते. दुसरी वाट परदेशात मिळणाऱ्या ४.१६ लोच्या गिअरसंचाची. वरच्या हिशोबातली गाडी त्यात ताशी पावणेसात किलोमीटरवर येते आणि जोर मूळ लोच्या १.८ पट होतो. मोठ्या खडकांवर चढण्यासाठी हे चांगले. पण हा वाढलेला जोर शाफ्टला, त्याच्या क्रॉसला, डिफरन्शियलला आणि शेवटी चाकाच्या ॲक्सलला सोसावा लागतो. साखळी सर्वांत कच्च्या कडीवर तुटते. डबा मजबूत केला आणि ॲक्सल जुनाच ठेवला, तर तुटण्याची जागा फक्त सरकते, आणि ती ओढ्याच्या मध्यावर सरकली तर आत बसलेल्यांचे काय?

म्हणून जाणत्या मिस्त्रीचा पहिला सल्ला असतो: आधी आहे तो डबा नीट करा. नवे बेरिंग, नवी ऑइल सील, तडा गेलेल्या रबरी माउंटच्या जागी नवे माउंट आणि योग्य तेल, एवढ्यावर बहुतेक जिप्सी वाडीच्या चढाला पुरते. टायर चारही एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असावेत. हे केल्यावरही गाडी कमी पडली, तरच गिअर बदलण्याचा विचार करावा.

काम करायचेच ठरले तर क्रम असा. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्यावी, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत आणि गाडी घोडीवर टेकवावी. नुसत्या जॅकवर कधीही नाही. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावरच असतो. तिथला शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढलेला असूनही चाके मोकळी होतात. खाली झोपलेल्या माणसाच्या जिवाशी या गोष्टीचा संबंध आहे.

मग तेल काढावे. शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या फ्लँजवर रंगाची खूण करावी, म्हणजे पुन्हा जसेच्या तसे बसतील आणि गाडी थरथरणार नाही. तिन्ही शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, फोर बाय फोरच्या दिव्याची वायर आणि लिव्हर सोडून, डब्याला खालून जॅकचा आधार देऊन मगच माउंटचे बोल्ट काढावेत. डबा उघडल्यावर प्रत्येक वॉशर आणि शिम काढलेल्या क्रमाने स्वच्छ कापडावर मांडून ठेवावे. गिअर नवे आणि बेरिंग जुने, ही काटकसर महाग पडते. जोडताना शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. कुठेही अडकता कामा नये. शेवटी तेल भरावे, लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंत. पहिली चाचणी घोडीवर, दुसरी मोकळ्या मातीवर आणि साधारण पाचशे किलोमीटरनंतर तेल पुन्हा तपासावे.

वापरातही दोन गोष्टी पाळाव्यात. या जुन्या गाड्यांत कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, डबा ती तफावत सोडू शकत नाही, आणि सगळा ताण गिअरांवर येतो. दुसरे, ओढा ओलांडल्यावर डब्याचे तेल पाहावे. ते दुधासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे. डब्याची श्वासनळी रबरी नळीने उंच नेली तर हा धोका बराच टळतो.

कायद्याकडे दुर्लक्ष करू नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनाप्रमाणे फेरबदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत असे स्पष्ट केले. बिघडलेल्या भागाच्या जागी त्याच मॉडेलचा भाग बसवणे ही दुरुस्ती. गुणोत्तर बदलायचे असेल तर आधी आरटीओत विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नसतो. नवी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: २०२३ पासून थार दोन चाकांच्या चालीचीही मिळते. तिला ट्रान्सफर केस नसतो. नावावर आणि रुपावर जाऊ नका, दुसरी लिव्हर आहे का ते पाहा.

यंत्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ताच राहिली. वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. बचाव पथके पावसात, अंधारात पायी चढली. चढताना एका अग्निशमन अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. खोदाईची अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत, माती हातांनी उपसावी लागली. तिथे कुठलाही गिअर उपयोगाचा नव्हता. जिथे रस्ताच नाही तिथे आधी रस्ता किंवा सुरक्षित जागी घर हवे. जिथे कच्ची का होईना वाट आहे, तिथे मात्र एक धड गाडी आणि एक धड चालक वेळ वाचवतात.

सुट्टीच्या दिवशी मजेसाठी गाडी घेऊन येणाऱ्यांनाही एक विनंती. भातखाचराचा बांध ही कुणाची तरी वर्षभराची मेहनत आहे. लोमध्ये घातलेली जिप्सी तो बांध एका दमात तुडवते, आणि शेतकऱ्याला तो पुन्हा घालायला दिवस लागतो. नदीचे पात्र ही तर खालच्या गावाची पाण्याची जागा. चाकांना जोर मिळाला म्हणून वाट सोडण्याची परवानगी मिळत नाही.

ज्यांच्या घरात अशी गाडी आहे, त्यांनी मृग लागण्यापूर्वी एक सकाळ काढावी. गाडी मातीवर घेऊन लिव्हर हाय, लो आणि परत अशी फिरवून पाहावी, तेल तपासावे, माउंट हलवून बघावेत, शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस भरावे. वर्षभर न हललेली लिव्हर नेमकी अडचणीच्या रात्री अडकते. आणि लो कशी लावायची हे घरातल्या एकालाच नव्हे, गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, लेकी-सुनांनाही, शिकवून ठेवावे.