घरी न्यावयाचे औषध

तातडीच्या उपचारासाठी रुग्णालयात आणलेल्या रोग्यास घरी सोडताना त्याच्या हाती बहुधा औषधाची चिठ्ठी दिली जाते. परंतु चिठ्ठी म्हणजे औषध नव्हे. रात्री दुकाने बंद असतात, जवळ पैसे नसतात, किंवा थकलेला मनुष्य ते काम उद्यावर टाकतो. पुष्कळ आजारांत एवढ्या विलंबाने फारसे बिघडत नाही; काहींत मात्र तो प्राणघातक ठरतो. अफूच्या वर्गातील द्रव्यांची विषबाधा हे त्याचे ठळक उदाहरण होय.

हेरॉइन, मॉर्फीन, फेंटानिल इत्यादी द्रव्ये मेंदूतील विशिष्ट स्थानांस चिकटतात. मात्रा अधिक झाल्यास श्वसनाचे नियमन करणारे केंद्र मंदावते, श्वास विरळ होत जातो आणि प्राणवायूच्या अभावी मृत्यू ओढवतो. नॅलोक्सोन हा ह्या विषावरील उतारा होय. तो त्याच स्थानांवरून विषद्रव्यास हुसकून लावतो आणि थोड्याच मिनिटांत श्वास पुन्हा चालू होतो. अमेरिकेत ह्या औषधास १९७१ मध्ये मान्यता मिळाली.

रोगी शुद्धीवर आला म्हणजे धोका टळला असे नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०११ ते २०१५ ह्या काळात अशा विषबाधेवर तातडीच्या विभागात उपचार होऊन वाचलेल्या ११,५५७ रोग्यांची माहिती तपासण्यात आली. त्यांपैकी ६३५ जण वर्षभरात मरण पावले. त्यांतील १३० पहिल्या महिन्यातच, आणि २९ तर पहिल्या दोनच दिवसांत.

ह्याच कारणास्तव त्या देशातील अनेक रुग्णालये रोग्यास निरोप देतानाच नॅलोक्सोनचा नाकात मारावयाचा फवारा त्याच्या हाती देतात. बेशुद्ध मनुष्य स्वतः औषध घेऊ शकत नाही. म्हणून त्याच्या सोबत्यासही शिकवावे लागते. प्रथम रुग्णवाहिका बोलवावी. रोग्यास उताणे निजवून एका नाकपुडीत फवारा मारावा. दोन-तीन मिनिटांत प्रतिसाद न मिळाल्यास दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत मारावा. श्वास सुरू झाल्यावर कुशीवर वळवावे व मदत येईपर्यंत जवळ थांबावे. कारण नॅलोक्सोनचा प्रभाव सुमारे ३० ते ९० मिनिटे टिकतो; विषाचा प्रभाव त्याहून अधिक काळ राहिल्यास श्वास पुन्हा मंदावू शकतो.

अशा वाटपाने व्यसनास उत्तेजन मिळेल, अशी शंका काही जण घेतात. परंतु नॅलोक्सोनने नशा येत नाही. उलट चढलेली नशा उतरते. ज्याने अफूवर्गीय द्रव्य घेतलेलेच नाही, त्यास त्यापासून सहसा अपायही होत नाही. व्यसनमुक्तीचा उपचार त्याने होत नाही हे खरे. परंतु त्या उपचारासाठी रोगी जिवंत राहावा लागतो.

मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत हा फवारा चिठ्ठीवाचून विकण्यास परवानगी मिळाली. तरीही दुकानापर्यंतचे अंतर आणि किंमत ह्या अडचणी उरतातच. पहिल्या दोन दिवसांचा धोका ध्यानात घेता, औषध रुग्णालयाच्या दारातच हाती पडणे हिताचे होय.