रोग आत, खूण कातडीवर

वयस्क मांजराचे केस अचानक झडू लागले की आधी पिसवांचा संशय येतो, मग गजकर्णाचा. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. क्वचित मात्र कातडीचा दोषच नसतो. आत कर्करोग वाढत असतो आणि त्याची पहिली खूण बाहेर दिसते.

यातला सर्वांत ओळखीचा प्रकार स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा. कधी गाठ पित्तनलिकेतही असते. पोटाखालचे, मांड्यांच्या आतले, पुढे चेहऱ्यावरचेही केस भराभर जातात. उरलेले चिमटीत धरून हलकेच ओढले तरी पुंजका हाती येतो. उघडी पडलेली कातडी काचेसारखी चकचकते, आणि याच चकाकीने डॉक्टरांनी सावध व्हायला हवं. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की तिचं कारण दिसतं: कातडीचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर जागोजागी गळून गेलेला असतो, केसांची मुळं आक्रसलेली असतात. पंजांच्या गाद्यांना भेगा पडतात, चालताना दुखतं. त्यातच यीस्ट वाढून खाज सुटली की मांजर सारखं चाटत राहतं, आणि घरच्यांना वाटतं, चाटूनच केस गेले.

गाठ पोटात असताना केस का झडावेत, हे कोडं अजून सुटलेलं नाही. पण गाठ काढल्यावर केस परत आल्याची आणि रोग उलटल्यावर पुन्हा झडल्याची नोंद आहे. म्हणजे दोन्हींचा संबंध पक्का.

छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ वेगळी दिसते. डोकं आणि कानांपासून कोंडा सुटतो, खपल्या पसरतात, नखांच्या मुळाशी तपकिरी चिकट थर साचतो. ही ग्रंथी टी-पेशी घडवते; त्या बिघडून स्वतःच्याच कातडीवर उलटत असाव्यात, असं मानतात. इथे आशा मोठी आहे, कारण शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण निघाली तर कातडीही बरी होऊ शकते.

म्हणून मांजराचं वजन उतरत असेल, खाणं सुटलं असेल, तर स्टेरॉइड सुरू करण्याआधी बायोप्सी, पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे यांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. स्वादुपिंडाचा रोग कळेपर्यंत बहुधा यकृतात पसरलेला असतो आणि हाती थोडेच आठवडे उरतात. तरीही यीस्टवर औषध देऊन खाज कमी करता येते, वेदना आवरता येतात. तेवढा आराम त्या जिवाला मिळायलाच हवा.